चार घरांचा पाणगाडा, त्याचा साचा आणि माझे सत्तावीस प्रश्न

मी, शालिग्राम गणपत चिंचोले, वय वर्षे बहात्तर, धंदा वेल्डिंग आणि थोडी शेती, राहणार उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, हा कागद स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, दिवसाच्या उजेडात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी माझा रक्तदाब मोजला, तेव्हा दंडावरच्या पट्ट्यात हवा किती भरली की थांबायचं हे त्या यंत्राला कसं कळतं, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "काका, डोकं एकदम ठीक आहे तुमचं. दाखला घ्या आन् पुढच्या पेशंटले येऊ द्या." उत्तर मात्र दिलं नाही. असो.

मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. मुलगा हरिओम याने समजावण्याचा प्रयत्न केला, पण समजावणं म्हणजे दडपण नव्हे, असं वकीलसाहेब म्हणतात. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. एकदा अपेंडिक्सच्या ऑपरेशनआधी कॅलेंडरच्या मागे चार ओळी लिहिल्या होत्या, त्या रद्द समजाव्यात.

कलम १. उंद्री येथील राहतं घर आणि बँकेतली ठेव माझी पत्नी कौशल्याबाई हिला. ती असेपर्यंत घर तिचं, त्यानंतर हरिओमचं. तिने स्वयंपाकघराची खिडकी मोठी करायला मला वीस वर्षं सांगितलं आणि मी लोकांच्या खिडक्या करत बसलो. खिडकीची चौकट शेडच्या मागे तयार उभी आहे. ती माझ्या मरणाची वाट न बघता बसवावी.

कलम २. तीन एकर शेत हरिओम आणि मुलगी सौ. डिंपल दीपक काकडे, राहणार देऊळगाव राजा, या दोघांना सारखं. विहिरीचं पाणीही सारखं. बांधावरची बोरीची झाडं कोणाच्या वाट्याला येतात यावरून भांडण झालं, तर बोरं शाळेच्या पोरांची.

कलम ३. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल, पाइप वाकवायचं यंत्र आणि शेडमधली सगळी हत्यारं डिंपलला. ती तेरा वर्षांची असताना तिने पहिल्यांदा काच लावून वेल्डिंगकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, वितळलेलं लोखंड खाली काऊन नाही सांडत?" त्या दिवशीच मी ठरवलं की हत्यारं हिची. गावाने नावं ठेवली. पोरीच्या जातीला ठिणग्या कशाला, म्हणाले. आज देऊळगावच्या बस स्टँडमागे तिचं आणि दीपकरावांचं वर्कशॉप आहे, आणि नावं ठेवणारे तिच्याकडून गेट बनवून घेतात.

कलम ४. माझी पाणसळ, म्हणजे सपाटी बघायची ती काचेच्या नळीची पट्टी, माजी सरपंच पंजाबराव शामराव वाघ यांनी मारुतीच्या पाराचा ओटा बांधताना नेली, त्याला अकरा वर्षं झाली. ओटा तर वाकडाच झाला, म्हणजे ती त्यांनी वापरली नाही असं दिसतं. मी हयात असताना ती परत मिळाली तर मनात काही राहणार नाही. ते या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, उगाच शंकेला जागा राहते, असं वकीलसाहेबांचं म्हणणं आहे. तेव्हा ती पाणसळ मी त्यांना बक्षीस देऊ शकत नाही, याची त्यांनी नोंद घ्यावी.

कलम ५. आता पाणगाडा. याच्यासाठीच हा कागद लिहायला घेतला आहे, बाकीचं दोन ओळींतही भागलं असतं.

गाडा आमच्या भागात सगळ्यांनी बघितलेला आहे. भंगारातल्या लुनाची दोन चाकं, इंची पाइपची चौकट, त्यात हंडे बसतील अशा आठ कड्या, आणि ओढायला दांडी. कड्या काढून फळी टाकली की त्यावर मेथी-कोथिंबिरीचे गठ्ठे, वांग्याची क्रेट, बाजाराचं सामान. टायर फुटला तर कोणत्याही पंक्चरवाल्याकडे जमतो. किंमत एका बऱ्या सायकलीपेक्षा कमी राहावी, यावर माझा पहिल्यापासून कटाक्ष होता. पण किमतीची गोष्ट इथे नको. गाडा कोणाचा, ही गोष्ट सांगायची आहे.

पहिला गाडा मी बावीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात केला. टँकर यायचा, तो गावविहिरीत पाणी सोडायचा, आणि बाया तिथून डोक्यावर आणायच्या. मी शेडमध्ये बसून बघायचो आणि विचार करायचो, की एका हंड्यात इतकं वजन, मान इतकी बारीक, मग चाक कशासाठी शोधलं माणसाने? आठ दिवस खपून गाडा केला. आठ हंडे भरून मी स्वतः रस्त्याने ओढून पाहिला, एका हाताने. पार खूश झालो. समोरच्या जनकाबाई सखाराम लहाने यांचे मालक नुकतेच वारले होते, घरात त्या आणि लग्नाला आलेली दोन लेकरं. गाडा त्यांना फुकट दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडा रिकामाच परत घेऊन आल्या.

"हे घे तुहा गाडा. मले भांडण नको."

"काऊन? चाक अडते काय?"

"चाकाले काय झालं? लायनीत एका घराले दोन हंडे. मी आठ घेऊन उभी राह्यली तं मागच्या बाया मले जिती ठेवतीन काय?"

मला हे माहीतच नव्हतं. विहिरीवर बाईचा नंबर नसतो, हंड्याचा असतो, रिकामे हंडे ओळीत मांडून बाया घरी भाकरी टाकायला जातात, आणि एका खेपेला एका घराचे दोनच, हा कायदा कुठे लिहिलेला नाही पण कलेक्टरही मोडू शकणार नाही. मी चार माणसांसमोर म्हणालो, "अडाणी बाई आहे, फुकट दिलं तरी कळत नाही." जनकाबाईंनी ऐकलं. आल्या तशा घरी गेल्या. गाडा मी शेडमागे ढकलून दिला आणि पंधरा दिवस रुसून बसलो.

पंधरा दिवसांनी त्याच आल्या. "शालिग्राम, गाडा दे. एकटीले नको, चार घरायले दे." मग मला लेकरासारखं समजावून सांगितलं. चार घरांचे दोन-दोन हंडे, आपापल्या नंबरवर मांडलेले. ओढणारी एक. आज ही, उद्या ती. तीन बायांची सकाळ मोकळी. लायनीतही कोणाचं जास्त नाही, कोणाचं कमी नाही. गाड्यात एका खिळ्याचा फरक केला नाही त्या बाईने, आणि गाडा चालायला लागला. तिसऱ्या महिन्यात डोणगावहून माणसं बघायला आली.

पुढे तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात मला बक्षीस मिळालं. शाल, नारळ, माइक. मी माइकवर सांगितलं, "आठ हंडे, चार घरं, ओढणारी एक, ही योजना मला विहिरीवरच्या बाया बघून सुचली." जनकाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गाड्यावर मी 'शालिग्राम गाडा' अशी अक्षरं पाडायला लागलो, आजतागायत पाडतो आहे. आयुष्यभर जनकाबाईंच्या ओंजळीने पाणी प्यायलो आणि ओंजळ माझीच म्हणून सांगितली. याची मला लाज वाटते. तेव्हापासून वाटते आहे, पण लाज वाटणं आणि बोलून दाखवणं यात मोठा डोंगर असतो, तो मी चढलो नाही. आज कागदावर चढतो आहे.

म्हणून जाहीर करतो की चार घरांच्या गाड्याची कल्पना जनकाबाई सखाराम लहाने यांची आहे. लोखंड माझं, अक्कल त्यांची.

कलम ६. आता साचा. गाडा जुळवायचा लोखंडी साचा, ज्यात पाइप ठेवले की मोजमाप न घेता चौकट काटकोनात बसते, तो शेडच्या डाव्या भिंतीला टेकून आहे. जीव त्याच्यात आहे. साचा असला तर दहावी नापास पोरगाही दिवसाला दोन गाडे करतो.

गेल्या दिवाळीत एका कंपनीचा माणूस आला. छान बोलणारा, बूट काढून ओसरीवर बसला. त्यांना साचा हवा होता, नाव हवं होतं, आणि माझ्याकडून असं लिहून हवं होतं की यापुढे हा गाडा दुसरं कोणी करणार नाही. हरिओम संभाजीनगरला नोकरी करतो, त्याला ते पटलं. तो म्हणाला, "बाबा, इतके वर्षं फुकट वाटून तुम्हाले काय भेटलं?" प्रश्न वाईट नाही. पोरगं माझ्या भल्याचं बोलत होतं, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही, आणि हे वाचून त्यानेही मनात धरू नये.

काय मिळालं ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी एका संस्थेची माणसं मापं घेऊन गेली, आणि दोन वर्षांनी आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या देशातून फोटो आला. माझाच गाडा, पण हंड्यांऐवजी पिवळे कॅन, आणि दांडी वीतभर लांब. मला आधी रागच आला. माझ्या गाड्याला हात लावणारे हे कोण? मग झोपच लागेना की वीतभर लांब का? संस्थेच्या पोरीला फोन लावायला लावला, तिने तिकडच्या बाईला विचारलं. उत्तर आलं, पाठीशी लेकरू बांधलेलं असतं, वाकता येत नाही, दांडी लांब असली की ताठ उभं राहून ओढता येतं. मी चक्क टाळी वाजवली. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, पण तेव्हापासून माझ्याही साच्यात लांब दांडीसाठी दुसरं भोक आहे. कंपनीला लिहून दिलं असतं, तर त्या बाईला भोक पाडायला परवानगी कोणाची लागली असती?

तेव्हा साचा डिंपलला, या अटीवर: जो कोणी मापं मागेल, त्याला चहा पाजून मापं द्यावीत. साचा विकू नये, गहाण ठेवू नये, कुलपात ठेवू नये. कोणी सुधारणा करून दाखवली तर आधी रागवावं, मग मोजून बघावं.

'शालिग्राम गाडा' ही अक्षरं रंगाने पाडायचा कापलेला पत्रा मोडीत घालावा. नव्या पत्र्यावर 'जनकाबाईचा गाडा' अशी अक्षरं कापावीत. डिंपलचा हात अक्षराला माझ्यापेक्षा चांगला आहे.

कलम ७. पहिला गाडा, जो आजही समोरच्या गल्लीत चालतो, तो मी कोणाला देऊ शकत नाही. तो माझा नाही. त्या चार घरांचा आहे, त्यांत एक घर आमचं. त्याची दुरुस्ती डिंपलने करावी.

कलम ८. माझ्या तीन वह्या. यांच्यात गाड्याविषयीचे माझे न सुटलेले प्रश्न आहेत, सत्तावीस. त्या हरिओम आणि डिंपल यांना मिळून. वाटणी करू नये, एकत्र बसून वाचाव्यात, म्हणजे वर्षातून एकदा तरी बहीणभाऊ एका चटईवर बसतील. नमुन्यादाखल काही इथे देतो. प्रश्न चौथा: काळ्या मातीत चाक रुतलं तर हवा कमी करायची, हे कळलं, पण नेमकी किती? प्रश्न नववा: ओलं पोतं टाकलेली मेथी गाड्यात टवटवीत राहते, मग तेच पोतं टाकलेली कोथिंबीर दुपारी काळी का पडते? प्रश्न सोळावा: उतारावर बाया गाड्याच्या पुढे न राहता मागे का जातात, आणि हे त्यांना कोण शिकवतं?

आणि प्रश्न सातवा, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं. दुरुस्तीला येणाऱ्या दहा गाड्यांतल्या नऊ गाड्यांचं उजवंच बेरिंग गेलेलं असतं. उंद्रीचा असो, डोणगावचा असो, देऊळगावचा असो, उजवंच. मी आस बदलला. वेल्डिंग उलट्या बाजूने सुरू केलं. चाकांची अदलाबदल केली. अकोल्याच्या इंजिनियरला गाडा दाखवला, त्याने आकडेमोड केली आणि चौकट निर्दोष आहे म्हणाला. रिकामा गाडा तराजूवर ठेवला, डावी-उजवी तोळ्यातोळ्याने सारखी. एकोणीस वर्षं झाली. हे कोडं जो सोडवेल, त्याला माझी सायकल.

येथवर मजकूर काल लिहून झाला. यापुढची भर आज, सहीच्या वेळी, माझ्याच हाताने घातली आहे.

साक्षीदारांनी मजकूर ऐकलाच पाहिजे असं कायद्यात नाही, पण मला तो ऐकवायचा होता. म्हणून शेडमध्ये सतरंजी टाकली. पंजाबराव आणि जनकाबाई हे साक्षीदार, शिवाय कौशल्याबाई, डिंपल, आणि हरिओम सुट्टी काढून आलेला. जनकाबाईंना मी साक्षीदार नका होऊ म्हणालो होतो, कारण त्यांच्या नावाचा उल्लेख आत आहे. त्या म्हणाल्या, "मले तुह्याकडून काही घ्यायचं नाही, म्हणून तं साक्षीदार होतो." आता एकोणऐंशी वर्षांच्या बाईसमोर वकिलाचं काय चालणार?

पाणसळीचं कलम आलं तसे पंजाबराव खाकरले आणि म्हणाले, "घरीच आहे, उद्या आणून देतो." पाचवं कलम मी डिंपलला वाचायला दिलं. संपल्यावर मी जनकाबाईंकडे बघितलं. त्या पदराने चष्मा पुसत होत्या.

"अडाणी म्हटलं होतं तू मले. ते लिहिलं, बरं केलं," एवढंच म्हणाल्या. "वाच पुढं."

सातवा प्रश्न आला. उजवं बेरिंग, अकोल्याचा इंजिनियर, एकोणीस वर्षं. जनकाबाई हसायला लागल्या. आधी तोंड दाबून, मग मोठ्याने. कौशल्याबाईही हसायला लागली.

"काय झालं?"

"अरे, पिण्याचं पाणी उजवीकडं ठेवतात," जनकाबाई म्हणाल्या. "उजव्या हाताचं. डाव्या बाजूले वापराचं."

"मग? हंडे तं सारखेच."

"कुठचे सारखे? पिण्याचा पितळी गुंड, तोंडोतोंड भरलेला, वरून फडकं बांधलेलं. वापराचं प्लास्टिकच्या हंड्यात, ते अर्धं रस्त्यातच हिंदकळते. उजवीकडं वजन नाही पडन तं काय डावीकडं पडन?"

मी कौशल्याबाईकडे बघितलं. सत्तेचाळीस वर्षं तिने माझ्या घरात पाणी भरलं आहे. "तुले माहीत होतं?"

"हाव. सगळ्यायलेच माहीत आहे. मले वाटलं, तुम्हाले माहीत असन."

रिकामा गाडा मी तराजूवर ठेवला होता. पहिला गाडा ओढून पाहिला तेव्हा आठही हंडे शेडमधल्या टाकीवर, एकाच मापाचे, मीच भरले होते. म्हणजे आयुष्यभर मी पाण्याचा गाडा केला, पण विहिरीवरून एक दिवसही पाणी भरलं नाही. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, आणि मी त्याबद्दल शाल घेतली.

डिंपल तोवर खडू घेऊन फरशीवर रेघा मारायला लागली होती. "आजी, पिण्याच्या गुंडाची कडी मधोमध घेतली तं? दोन्ही चाकायवर वजन सारखं येईन."

"मधी कोणी नाही ठेवणार. उजवीकडंच ठेवतीन. बाया काऊन सुधारता? गाडा सुधारा."

डिंपलने मधली रेघ पुसली आणि उजव्या चाकाला मोठं बेरिंग काढलं. हरिओम तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि माप विचारायला लागला. कंपनीच्या माणसाचं नाव आज त्याने काढलं नाही.

सबब खालील दुरुस्त्या कराव्यात. प्रश्न सातवा खोडला. सायकल जनकाबाईंना जायला हवी, पण त्या साक्षीदार आहेत, आणि विचारलं तर म्हणाल्या, "मी आता कुठं सायकल चालवू?" तेव्हा ती त्यांच्या नातीला, काजलला. नव्या पत्र्यावरच्या अक्षरांना त्यांनी हरकत घेतली नाही, फक्त म्हणाल्या की आधी बेरिंग सुधारा, मग माझं नाव टाका, नाहीतर बाया मलाच शिव्या देतील. तसंच करावं. घर हरिओमच्या नावावर करण्याआधी त्याने आठ दिवस गल्लीच्या गाड्यावर पाणी भरावं, भर उन्हाळ्यात, लायनीत हंडा मांडून. ही शिक्षा नाही. मीही उद्यापासून जाणार आहे, सोमवारची पाळी आमच्या घराची आहे.

सही करायला पेन उचललं तेव्हा जनकाबाईंनी एक विचारलं. तिरकसपणे नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. म्हणाल्या, "तू त्या मलावीतल्या बाईले फोन लावून विचारलं. अकोल्याले गाडा नेला. मी समोर राहतो. एकोणीस वर्षं मलेच काऊन नाही विचारलं?"

मी पेन तसंच धरून सातव्या प्रश्नाची वही मागवली. तीत, खोडलेल्या सातव्याच्या खाली, तो प्रश्न उतरवला आहे: प्रश्न अठ्ठाविसावा, समोरच्या घरी का विचारलं नाही? माझ्या वारसांनी आधी हा सोडवावा, मग गाड्याचे.

वरील मजकूर आणि आजची भर मी वाचली, वाचवून घेतली, ती माझीच आहे आणि खरी आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं, मी त्यांना पाहिलं.

सही
शालिग्राम गणपत चिंचोले

साक्षीदार
१. पंजाबराव शामराव वाघ, राहणार उंद्री (सही. पाणसळ उद्या.)
२. जनकाबाई सखाराम लहाने, राहणार उंद्री (सही. अंगठा नको म्हणाल्या, स्वतः नाव लिहिलं, पाच मिनिटं लागली, कोणी घाई केली नाही.)

ठिकाण: वेल्डिंग शेड, उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा
दिनांक: १३ एप्रिल २०२५, रविवार